पंडिता रमाबाई आणि मिशनकार्याची पालटलेली दिशा

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनकार्याचा इतिहास बहुधा परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. मंडळ्या तिकडच्या, द्रव्य तिकडचे, निर्णयही तिकडचे. येथील मनुष्याने उपदेश ऐकावा आणि फार तर मदतनीस म्हणून राबावे, असा तो सारा व्यवहार दिसतो. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) धर्मांतर का केले, याची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. त्यांनी मिशनकार्यालाच कोणते वळण दिले, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला.

या प्रश्नाचे मूळ वाँटेज येथे सापडते. इंग्लंडमधील या गावी सेंट मेरी भगिनीमंडळात राहत असता, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आपल्या लहान मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून अभ्यासकांनी मुळातून वाचावा असा आहे. वाद वरवर क्षुल्लक गोष्टींचे आहेत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्याला संस्कृत अक्षरे का चालू नयेत, असे बाई विचारतात. शाकाहार सोडण्यास त्या तयार नाहीत. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी नापसंती दर्शविली. ज्या विदुषीने कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत ‘सरस्वती’ ही पदवी मिळविली होती, तिला हा निषेध मानवणे शक्यच नव्हते. ख्रिस्तावरील श्रद्धा ही एक गोष्ट आणि इंग्रजी चर्चची आज्ञा ही दुसरी, हा भेद त्यांनी येथे केला. आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व कार्याची ही गुरुकिल्ली आहे.

अमेरिकेत १८८७ च्या अखेरीस स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन निघाले. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, अशी त्याची अट होती. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून गदारोळ उठला, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. सुधारक दुरावले, ही हानी मोठी होती. ती दोन्ही पक्षांची झाली, असेच म्हणावे लागते.

यानंतर दुष्काळाने कार्याचे स्वरूपच पालटले. १८९६–९७ मध्ये मध्यप्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून शेकडो निराधार मुली व स्त्रिया बाईंनी आणविल्या, आणि पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे लोहमार्गालगत ‘मुक्ति’ वसविली. (भिसेगावाला लागून असलेल्या कर्जत स्थानकातून बोरघाट चढून जाणारा मुंबई–पुणे लोहमार्ग पुढे केडगावास पोहोचतो, मुंबई, पुणे आणि केडगाव ही बाईंची तिन्ही ठाणी एकाच वाटेवरची आहेत.) येथे शेती, विणकाम, तेलाचा घाणा, अंधशाळा, पतितांसाठी कृपा सदन आणि छापखाना, असा व्याप उभा राहिला. कोणत्याही एका पंथाच्या मंडळीशी ही संस्था बांधलेली नव्हती. परदेशी स्त्रिया येथे येत, परंतु एका मराठी बाईच्या हाताखाली काम करण्यासाठी. मिशनच्या रूढ उतरंडीत हे विपरीतच होते. उपाशी आणलेल्या पोरीला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हा टीकाकारांचा प्रश्न मात्र गैरलागू म्हणता येत नाही.

१९०५ मध्ये केडगावास जे धर्मजागरण झाले, त्यामुळे या प्रभावाची व्याप्ती अनपेक्षित वाढली. मुलींच्या प्रार्थनामंडळ्या नेमून त्यांना आसपासच्या गावी पाठविण्यात आले. कालपर्यंत ज्यांचा उद्धार करावयाचा होता, त्याच उपदेशक झाल्या. बाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी या घटनेवर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली, व ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात आपल्या जुन्या मैत्रिणीस, श्रीमती हूवर यांस, धाडली. तिच्या वाचनातून वालपराइसो येथील मेथडिस्ट मंडळीत अशाच जागरणाची आस निर्माण झाली. १९०९ मध्ये तेथे मोठी चळवळ झाली आणि तिच्यातून त्या देशातील स्वतंत्र पेंटेकोस्टल चर्चे निघाली. पश्चिमेकडून पूर्वेस येणारा मिशनचा ओघ येथे उलटा वाहिला.

शेवटची अनेक वर्षे बाईंनी बायबलच्या भाषांतरास वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा अशिक्षित स्त्रीला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून संस्कृतात पारंगत असलेल्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द हेतुतः टाळले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले, आणि संपूर्ण भाषांतर त्यांच्यामागे, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.