शुक्रवारची सुटी, रविवारची सुटी आणि बाजाराचा दिवस

इंग्रजी अमदानीत लोक फुरसतीचा वेळ कसा घालवीत असत, असे पुण्या-मुंबईकडील कोणा जाणत्या माणसास विचारले असता नाटक, व्याख्यानमाला, जिमखाना, वाचनालय अशी उत्तरे तत्काळ मिळतात. परंतु हाच प्रश्न जालन्यास विचारावयाचा तर आधी अमदानी कोणाची, याचीच चौकशी करावी लागते, कारण येथे अंमल हैदराबादच्या निजामाचा, दफ्तराची भाषा उर्दू, सालगणना फसली, आणि या सर्वांवर नजर ठेवावयास वेशीबाहेर छावणी मात्र इंग्रजांच्या हुकमतीखालची, असा दुहेरी संसार होता. सप्टेंबर १८०३ मध्ये केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमापाशी असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला, तेव्हापासून या मुलखात गोऱ्या पलटणींचा राबता सुरू झाला. १८२७ मध्ये जालन्याची छावणी रीतसर वसली आणि १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन होईपर्यंत बिगुलाचा आवाज कुंडलिकेच्या काठी नित्याचा झाला होता.

या दुहेरी अंमलाचा परिणाम सुटीच्या वारावरही झाला. निजामाच्या कचेऱ्या शुक्रवारी बंद असत, म्हणून मुन्सफ, तहसीलदार आणि त्यांचे कारकून यांचा विसाव्याचा दिवस शुक्रवार; छावणीतील साहेबांचा आणि रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसविलेल्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीचा रविवार; आणि ज्यास कोणत्याच दफ्तराने सुटी दिली नव्हती त्या कुणब्याचा विसावा म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस. या तिसऱ्या सुटीकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही, हे मला नेहमी चमत्कारिक वाटते. मीठ-मिरची घेण्यास लागणारा वेळ तो किती! परंतु त्या निमित्ताने सोयरिकी ठरत, बैलांची पारख होई, दूरगावी दिलेल्या लेकीची खुशाली कळे, गारुड्याचा आणि डोंबाऱ्याचा खेळ फुकट पाहावयास मिळे, आणि दिवस मावळता मावळता गाड्या जुंपल्या जात. छावणीतील गोरे अंमलदार घोडदौड, शिकार आणि मेसमधील भोजनसमारंभ यांत रमत. त्यांच्या करमणुकीचा गावाशी संबंध हाकारे आणि मोतद्दार पुरविण्यापुरताच होता, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

शेतकऱ्याची फुरसत घड्याळावर नसून नक्षत्रांवर अवलंबून असे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणे निषिद्ध, तेव्हा धन्यासही आपोआप मोकळीक मिळे. आणि रब्बीची ज्वारी दुधावरून चिकात आली की हुरड्याचे दिवस सुरू होत. शेताच्या कडेला खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवावी, कोवळी कणसे निखाऱ्यात खुपसून भाजावीत, ती हाताला चटके सोशीत गोणपाटावर चोळावीत, फुंकर मारून कोंडा उडवावा आणि तो गरम हिरवा दाणा तिळाच्या चटणीबरोबर किंवा गुळाच्या खड्याबरोबर तोंडात टाकावा, या कृतीत एक सबंध सकाळ सहज निघून जाई. हुरडा खाण्याचे निमंत्रण मळ्याचा मालक देत असे, हे खरे; परंतु आगटीभोवती बसल्यावर पाटील, पटवारी आणि सालगडी यांच्यातील अंतर काही घटका का होईना कमी होत असे. ते मिटत असे, असे मात्र म्हणवत नाही. कोण जवळ बसणार आणि कोणास दुरून ओंजळीत दाणे मिळणार, हे जात ठरवीत असे.

याहून मोठी फुरसत जत्रांची. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेल्या जांब या गावी रामनवमीचा उत्सव, होळकरांच्या अंबडास मत्स्योदरी देवीचे नवरात्र, राजूरच्या गणपतीस अंगारकी, आणि खुद्द जालन्यात आषाढी एकादशीस आनंदी स्वामींची यात्रा, असा वर्षाचा क्रम ठरलेला असे. देवदर्शन हे जाण्याचे कारण, परंतु रात्र जागविण्यास कीर्तन, भारूड, गोंधळ, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आणि तमाशाचा फड अशी सर्व सामग्री हजर असे. दर्ग्यांच्या उरुसांत कव्वाली ऐकावयास हिंदू जात आणि मोहरमच्या सवाऱ्यांपुढे नवस बोलत, याचे त्या काळी कोणास नवल वाटत नसे. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून धावू लागली, तेव्हा बैलगाडीने दोन-दोन मुक्काम करीत गाठावयाच्या जत्रा एका दिवसाच्या टप्प्यात आल्या आणि परगावची मंडळी शहरात उतरू लागली.

परंतु जालन्याची खास अशी करमणूक धुळवडीची होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या दिवशी येथे ‘हत्ती रिसाला’ या नावाची मिरवणूक निघते. त्या दिवसापुरता एक राजा हत्तीवर आरूढ होतो, रंगात न्हालेली प्रजा त्याच्या मागेपुढे नाचत चालते आणि महाराज दोन्ही हातांनी रेवड्यांची खैरात करीत गावभर फिरतात. खरा रिसाला छावणीत होता, खरे हत्ती आसफजाही दरबारात होते आणि खरा राजा हैदराबादेस होता. अशा तिहेरी वजनाखाली वावरणाऱ्या गावाने वर्षातून एकदा आपल्या पसंतीचा राजा नेमावा, त्याच्याकडून महसुलाऐवजी रेवड्या वसूल कराव्यात, यात थट्टा किती आणि मनीषा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते थट्टेचाच भाग मोठा, आणि म्हणूनच कदाचित कोणा अंमलदारास ती खुपली नसावी.

कारण अंमलदारांस लोकांचे एकत्र जमणे खुपत असे, यात शंका नाही. हैदराबाद संस्थानात सभा भरविण्यास पूर्वपरवानगी लागे. १९२९ च्या सुमारास निघालेली ५३ क्रमांकाची गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. आखाडे आणि खासगी शाळा यांवरही निर्बंध होते. संध्याकाळी तालमीत लाल माती अंगास लावणे, गणेशोत्सवात मेळ्याची पदे म्हणणे, कोणाच्या ओसरीवर पुण्याहून आलेले वृत्तपत्र चौघांत वाचणे, ही इतरत्र निव्वळ करमणूक ठरली असती. येथे पोलिसांच्या अमीनसाहेबांचा शिपाई दाराशी उभा राहिल्यामुळे तिला राजकारणाची धार आली. सरकारने संशय घेतला नसता तर यातील कितीतरी तरुण आयुष्यभर नुसते जोर-बैठका काढीत राहिले असते. १९३७ मध्ये संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर या रेल्वेच्या गावी भरले (तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते), त्यामागे अशा ओसऱ्यांचे आणि वाचनालयांचे बळ होते.

येथवर जे लिहिले ते बहुतांशी पुरुषांचे. स्त्रियांच्या वाट्यास शुक्रवार, रविवार आणि बाजार यांपैकी काहीच पुरते आले नाही. पंचमीस झाडाला बांधलेला झोका, माहेरी आल्यावर घातलेल्या फुगड्या आणि धरलेला फेर, हे वर्षातून मोजके दिवस. एरवी त्यांची करमणूक कामातच मिसळलेली असे. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसत, एकीने ओवी सोडावी, दुसरीने ती उचलावी, आणि पायली दोन पायली धान्य दळून होईपर्यंत भावाचे कौतुक, सासूचे गाऱ्हाणे आणि पंढरीच्या विठ्ठलाशी केलेली सलगी यांचा ओघ चालावा. त्यास फुरसत म्हणावे की कष्ट, याचा निवाडा मला करता येत नाही. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. कष्ट कमी झाले ही फार चांगली गोष्ट झाली, परंतु ओव्यांची जागा मात्र गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या, म्हणून त्यातील काही भाग तरी हाती राहिला.

जालना, अंबड, परतूर, भोकरदन या भागांतील जुन्या घरांत शाहिरांची बाडे, मेळ्यांच्या पदांच्या वह्या, जत्रेच्या हिशेबाची मोडी कागदपत्रे अजूनही माळ्यावर पडलेली असण्याचा संभव आहे. ज्यांच्याकडे ती असतील त्यांनी रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एखाद्या मोडी वाचणाऱ्यास दाखवावीत, आणि घरात ज्या आजीस दहा-वीस ओव्या आठवत असतील तिच्याकडून त्या याच महिन्यात उतरवून घ्याव्यात.