‘नको’चं कार्ड

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्यासारख्या गावात हे दृश्य नवं नाही. चार वर्षांचा पोरगा आईचं मनगट धरून तिला माठापाशी नेतो, ‘पानी’ मात्र म्हणत नाही. आजी धीर देते, ‘याना बाप बी उशिराच बोलना.’ वर्ष निघून जातं. मग कधीतरी धुळ्याला तपासणी होते, ‘स्वमग्नता’ हा शब्द कानावर पडतो आणि थेरपिस्ट चित्रांची कार्डं पुढे करते. घराचा विरोध सुरू होतो तो इथून. चित्र दाखवून पाणी मिळालं, तर हा तोंड कशाला उघडेल?

ही शंका जगभरच्या आईबापांना येते आणि तिला हसण्यासारखं काही नाही. कुबडीची सवय लागते हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण बोलण्याआधी मुलाला एक गोष्ट उमगावी लागते: मी काही केलं की समोरचा माणूस त्याला उत्तर देतो. कार्ड नेमकं तेच शिकवतं. उच्चाराला जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ लागतो. चित्राकडे बोट दाखवताना तो भार पडत नाही. शिवाय बोललेला शब्द क्षणात विरतो, चित्र समोर थांबून राहतं. आणि ज्याला बोलता येऊ लागतं, तो कार्ड शोधत बसत नाही. तोंडानं मागणं केव्हाही झटपट.

मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी २००६मध्ये आधीचे अभ्यास चाळले. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी कुणाचंही बोलणं चित्रं, खुणा किंवा बोलणाऱ्या यंत्रामुळे घटलं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, काहींचं थोडंच. हे सगळेच स्वमग्न नव्हते. पण २०१४मध्ये कॉनी कासारी यांच्या गटाने पाच ते आठ वर्षांच्या, जेमतेम बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांवर प्रयोग केला. ज्यांना सुरुवातीपासून बोलणारं यंत्र दिलं, ती आपणहून जास्त संवाद साधू लागली. बोलणं येईलच, अशी हमी मात्र कुणी देऊ नये. स्वमग्न मुलांपैकी साधारण २५ ते ३० टक्के मुलं फारच थोडं बोलतात. त्यांच्यासाठी चित्र हीच भाषा ठरते.

साधनं आता परदेशातूनच यावी लागतात असं नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि मराठीत बोलतं. माझी तक्रार एवढीच, की ते प्रमाण मराठी बोलतं. घरात ‘माले पानी दे’ ऐकणाऱ्या पोराला मोबाइल ‘मला पाणी हवं आहे’ शिकवणार! चित्रं चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या तक्त्याला ही अडचण नाही. चित्रावर बोट ठेवताना आई जे बोलेल, ती त्याची भाषा. चित्रंही घरातलीच काढावीत: आपला माठ, आपली कळण्याची भाकरी, नरडाणा स्टेशनातली गाडी. आणि बोट आधी मोठ्यांनी ठेवायचं. आपण नुसतं बोलत राहिलो आणि मुलानं तेवढा तक्ता वापरावा म्हटलं, तर तो कुणाचं बघून शिकेल?

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरं दाबून घेणारे ‘चमत्कार’ सांगितले जातात. १९९०च्या दशकातल्या नियंत्रित चाचण्यांत ते शब्द हात धरणाऱ्याचे निघाले, मुलाचे नव्हते.

घरोघरच्या तक्त्यांवर पाणी असतं, भाकरी असते, शी-शू असते. ‘नको’ बहुतेकदा नसतं. मुलानं नकार द्यावा हे आपल्याला रुचत नाही, हे त्यामागचं कारण असावं. पण कार आणि ड्युरँड यांनी १९८५मध्येच दाखवलं होतं, की मदत मागायला शिकवलं की मुलांचं आदळआपट करणं, स्वतःला मारून घेणं कमी होतं. मिक्सरचा आवाज सहन होत नाही, लग्नातला बँड नको आहे, हे सांगायला दुसरी वाटच नसेल तर पोर डोकं आपटणारच.

तेव्हा आज तक्ता करायला बसलात तर ‘नको’ आधी चिकटवा. आणि पाहुणे आले म्हणून तो उचलून कपाटावर ठेवू नका.