राजकीय टीका आणि अब्रुनुकसानीचा कायदा

खोट्या आरोपांमुळे कोणाच्याही प्रतिष्ठेला धक्का लागू नये, हा अब्रुनुकसानीच्या कायद्याचा हेतू आहे. मात्र ज्याच्यावर आरोप होतो तो मंत्री किंवा लोकप्रतिनिधी असेल, तर त्याच्या कारभाराची चिकित्सा करण्याचा नागरिकांचा अधिकारही तितकाच मोलाचा ठरतो. भारतात या दोहोंचा मेळ दिवाणी आणि फौजदारी अशा दोन मार्गांनी घातला जातो, आणि टीकाकाराला दोन्हीकडे सारखे संरक्षण मिळत नाही.

दिवाणी मार्ग नुकसानभरपाईच्या दाव्याचा आहे. ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाने ऑटो शंकर या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचे आत्मचरित्र छापायचे ठरवले आणि त्यात बड्या अधिकाऱ्यांशी त्याचे लागेबांधे उघड होणार असल्याने तुरुंग प्रशासनाने हरकत घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये असा निकाल दिला की, बदनामी होईल या भीतीपोटी सरकारला प्रकाशन आधीच रोखता येत नाही आणि सरकार म्हणून अब्रुनुकसानीचा दावाही लावता येत नाही. सार्वजनिक अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी निगडित मजकूर असत्य निघाला, तरी तो खरेखोटे पडताळण्याची पर्वा न करता छापला, हे त्या अधिकाऱ्याने सिद्ध करावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये सुलिव्हन खटल्यात मांडलेल्या तत्त्वाचा हा प्रभाव होता.

फौजदारी मार्ग अधिक कठोर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनाविषयी सद्भावपूर्वक, म्हणजे योग्य ती दक्षता घेऊन, व्यक्त केलेले मत गुन्हा ठरत नाही. परंतु हा अपवाद आपल्याला लागू होतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, आणि विधान खरे असणे पुरत नाही, ते लोकहिताचेही असावे लागते. शिवाय मंत्र्याच्या पदीय कामाविषयीच्या विधानासाठी सरकारी वकील, शासनाच्या मंजुरीने, थेट सत्र न्यायालयात फिर्याद करू शकतो. दोन वर्षांची शिक्षा झालेला आमदार वा खासदार अपात्र ठरत असल्याने राजकीय विरोधकासाठी हा धोका आणखी मोठा होतो.

प्रतिष्ठा हा जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा गुन्हा घटनात्मक ठरवला. प्रतिष्ठेचे हे मोल मान्य करूनही, जे वाक्य लिहिल्याबद्दल भरपाई द्यावी लागत नाही, त्याच वाक्यासाठी तुरुंगाची भीती राहणे लोकशाहीला मानवणारे नाही. म्हणून दिवाणी कायद्याने टीकाकाराला दिलेली मोकळीक फौजदारी कायद्यातही यायला हवी.