मोफत खेळ आणि त्याचे मोल : ‘कँडी क्रश सागा’च्या अनुषंगाने एक विवेचन

प्रास्ताविक

मोबाइलवरील खेळांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तीत बहुधा दोन सूर ऐकू येतात. एक ‘व्यसना’चा, दुसरा ‘निरुपद्रवी करमणुकी’चा. पहिला सूर विद्यार्थ्यांविषयी बोलताना लागतो आणि दुसरा स्वतःविषयी बोलताना. दोन तासिकांच्या मधल्या वेळेत प्राध्यापक कक्षात बसून एकाच रंगाच्या तीन गोळ्या जुळविणारी व्यक्ती स्वतःला ‘गेमर’ म्हणवून घेत नाही; तिच्या लेखी तो केवळ विरंगुळा असतो. त्यामुळेच या खेळप्रकाराकडे गांभीर्याने पाहिले जात नाही. वस्तुतः जगभर सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या मोबाइल खेळांत त्याची गणना होते. प्रस्तुत लेखात ‘कँडी क्रश सागा’ या सर्वपरिचित खेळाच्या आधारे या प्रकाराची रचना, तिच्यामागील अर्थकारण आणि खेळणाऱ्याच्या मनावर घडणारे तिचे कार्य विशद करण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळाची वंशावळ

पटावरील तुकडे जुळवून नाहीसे करण्याच्या खेळांचा मूळपुरुष म्हणून सामान्यतः ‘टेट्रिस’चे नाव घेतले जाते. मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये तो तयार केला. १९९४ मध्ये येवगेनी अलेमझिन या रशियन संगणकतज्ज्ञाच्या ‘शारिकी’ या खेळात शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करून तीन सारख्या गोळ्यांची ओळ साधण्याची कल्पना आली. २००१ मध्ये पॉपकॅप या अमेरिकी कंपनीच्या ‘बिज्वेल्ड’ने तिला लोकप्रियता मिळवून दिली. डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात ही सगळी वंशावळ मांडली आहे.

या प्रवासात एक बदल विशेष महत्त्वाचा आहे. ‘टेट्रिस’मध्ये तुकडे वरून सतत पडत राहतात, खेळाडूला उसंत नसते. ‘बिज्वेल्ड’मध्ये घड्याळाविना खेळण्याची सोय होती. वेळेचा दट्ट्या निघून गेल्यावर हा खेळ तरुणांच्या चपळ बोटांपुरता राहिला नाही. चुलीवर दूध ठेवून, बसची वाट पाहत, फोनवर दुसऱ्याचे ऐकत तो खेळता येऊ लागला.

‘किंग’ या कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये ‘कँडी क्रश सागा’ फेसबुकवर आणला आणि त्याच वर्षअखेर तो मोबाइलवर उपलब्ध झाला. पुढील प्रसाराचा तपशील देण्याची गरज नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश संसदेतील एक सदस्य समितीच्या बैठकीत हा खेळ खेळताना आढळले व त्यांना क्षमा मागावी लागली. जून २०२३ मध्ये महेंद्रसिंग धोनी विमानप्रवासात तोच खेळ खेळत असल्याची चित्रफीत भारतभर कौतुकाने पाहिली गेली. एकच कृती एका ठिकाणी कर्तव्यच्युती ठरते व दुसऱ्या ठिकाणी साधेपणा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रचना : कौशल्य आणि लपलेला फासा

खेळाचा नियम लहान मुलालाही मिनिटभरात कळतो. तीन गोळ्या जुळल्या की त्या फुटतात, वरच्या गोळ्या खाली सरकतात आणि मोकळ्या जागी नव्या गोळ्या येतात. चार किंवा पाच जुळविल्यास अधिक शक्तीची गोळी मिळते. प्रत्येक पातळीवर ठरावीक चालींत ठरावीक काम पूर्ण करावयाचे असते.

हा खेळ बुद्धीचा की नशिबाचा, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. बुद्धीच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. संगणकशास्त्रज्ञ टोबी वॉल्श यांनी २०१४ मध्ये असे सिद्ध केले की, या खेळाचे सामान्यीकृत रूप ‘एन-पी-हार्ड’ या वर्गात मोडते. याचा अर्थ असा की, कितीही मोठा पट दिला असता ठरावीक चालींत ठरावीक गुण मिळू शकतील काय, हे प्रत्येक वेळी झटपट सांगणारी रीत संगणकशास्त्राला ज्ञात नाही. तथापि, हे गणित समोरचा पट पूर्णतः ठाऊक आहे असे गृहीत धरून मांडलेले असते. प्रत्यक्ष खेळात वरून कोणत्या गोळ्या येणार हे खेळाडूला दिसत नाही. एका चालीतून कधी एकच ओळ फुटते, तर कधी पडझडीची मालिकाच सुरू होऊन निम्मा पट मोकळा होतो आणि खेळाडूला ते आपलेच कौशल्य वाटते.

येथे आपल्या जुन्या सारीपाटाशी तुलना उपयुक्त ठरते. सारीपाटातही दैव व बुद्धी यांचे मिश्रण आहे. मात्र तेथे फासे सर्वांच्या देखत टाकले जातात. दान पडले आणि नंतर सोंगटी कोणती चालवावी हे ठरले, असे दोन वेगळे क्षण तेथे दिसतात. मोबाइलवरील खेळात हे दोन्ही क्षण एकाच हालचालीत मिसळून गेले आहेत. फासा आहे, परंतु तो आज्ञावलीच्या आत आहे. शिवाय तो टाकणारा समोर बसलेला प्रतिस्पर्धी नसून पातळी किती कठीण असावी हे ठरविणारा आणि लक्षावधी खेळाडू कोठे अडतात याची नोंद ठेवणारा निर्माता आहे.

हुकलेल्या विजयाचे मानसशास्त्र

अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस वर्तन टिकवून धरते, हे बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांपासून सर्वांना ज्ञात आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. त्याहून सूक्ष्म गोष्ट आहे ती ‘थोडक्यात हुकण्या’ची. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये ‘कँडी क्रश’ खेळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या पराभवापेक्षा अगदी थोडक्यात हुकलेल्या पराभवानंतर खेळाडूंची शारीरिक उत्तेजना व वैफल्य अधिक होते आणि तरीही पुन्हा खेळण्याची ओढही अधिक होती. वैफल्याने माणूस दूर जावा अशी आपली समजूत असते. येथे ते त्याला जवळ ओढते.

नेमक्या याच क्षणी पडद्यावर विक्रीचा प्रस्ताव येतो : खेळातील सोन्याच्या विटा खर्च करा आणि आणखी पाच चाली घ्या. विटा संपल्या असतील तर त्या खऱ्या पैशांनी मिळतात. पैसे द्यावयाचे नसतील तर जीव जातो. असे पाच जीव असून गेलेला एक जीव भरून यावयास ३० मिनिटे लागतात. पाचही गेल्यास अडीच तास. ही सक्तीची विश्रांती खेळाडूच्या हिताची वाटते, परंतु तिचा परिणाम असा की खेळ कंटाळा येईपर्यंत खेळताच येत नाही. भूक शिल्लक असताना पान उचलले जाते.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थ

किंगने २०१४ मध्ये भागविक्रीच्या वेळी सादर केलेल्या कागदपत्रांतून या व्यवहाराचे स्वरूप उघड झाले. महिनाभरात खेळणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्केच पैसे देत होते. तरीही २०१३ या वर्षातील कंपनीचे उत्पन्न सुमारे १८८ कोटी डॉलर होते. शंभरांतील शहाण्णव जण खरोखरच फुकट खेळत होते. मात्र हे शहाण्णव जण निरुपयोगी नाहीत. त्यांच्यामुळे खेळाची चर्चा होते, मित्रमंडळींत चढाओढ लागते आणि कोणत्या पातळीवर माणसे थांबतात याची माहिती जमा होते. या प्रकारच्या इतर अनेक खेळांत तर जाहिरात पाहणे हेच देणे असते.

भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्यात पैसा जिंकण्याच्या अपेक्षेने पैसा लावण्याचे खेळ प्रतिबंधित केले आहेत. गोळ्या जुळविण्याच्या खेळात पैसा जातो, परंतु जिंकून परत येण्याची शक्यताच नसते. म्हणून तो या व्याख्येत बसत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. तथापि अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाव शूल यांनी लास वेगास येथील जुगारयंत्रांवरील आपल्या २०१२ मधील ग्रंथात दाखवून दिले आहे की, तेथे तासन्‌तास बसणारे अनेक जण जिंकण्यासाठी खेळतच नाहीत. बाहेरचे जग विसरायला लावणाऱ्या त्या तंद्रीत राहता यावे म्हणून खेळतात. हे खरे असेल, तर पैसा जिंकणे ही सीमारेषा खेळाच्या ओढीची सीमारेषा नव्हे.

तंद्रीची दुसरी बाजू

येथवरचे विवेचन वाचून खेळणाऱ्याला भोळा ठरविणे अन्यायाचे होईल. तंद्री ही नेहमीच फसवणूक नसते. इंग्लंडमध्ये एमिली होम्स व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, क्लेशदायक चित्रफीत पाहिल्यानंतर ‘टेट्रिस’ खेळलेल्या व्यक्तींना त्या दृश्यांच्या नकोशा आठवणी पुढील काळात कमी वेळा आल्या. रंग व आकार जुळविण्यात दृश्य स्मृती गुंतली की त्रासदायक प्रतिमांना जागा कमी उरते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा निष्कर्ष जसाच्या तसा ‘कँडी क्रश’ला लावता येणार नाही. परंतु आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणारी स्त्री, किंवा तासिका तत्त्वावरील नेमणुकीचे पत्र यंदा येईल की नाही या विवंचनेत असलेला अध्यापक पटावर काय शोधतो, याचा काहीसा उलगडा त्यातून होतो. त्याला दहा मिनिटांपुरते असे जग हवे असते, जेथे नियम स्पष्ट आहेत आणि केलेल्या कामाचे फळ लगेच दिसते.

वर्गात या विषयाचा उपयोग करावयाचा असल्यास साधनसामग्री विद्यार्थ्यांच्या खिशातच आहे. प्रत्येकाने एका पातळीवरील वीस डाव खेळून, हरलेल्या डावात किती काम शिल्लक राहिले आणि त्यानंतर लगेच पुन्हा खेळावेसे वाटले का, एवढी नोंद ठेवावी. संख्याशास्त्राच्या तासाला त्या नोंदींची वारंवारता सारणी होते आणि मानसशास्त्राच्या तासाला तीच सारणी वॉटर्लूच्या निष्कर्षाशेजारी मांडता येते.