उन्हाळ्यात खुडूक कोंबडीखाली अंडी उबविणे

गिरिराज, वनराजा यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या अंडी अधिक देतात. परंतु त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून केळापूर, घाटंजी किंवा झरी जामणीकडील पोडांवर, जेथे उबवणीयंत्र नाही तेथे, त्यांची अंडीही गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. चैत्र-वैशाखात मात्र बारा अंड्यांतून तीन-चारच पिल्ले निघाल्याची तक्रार होते व दोष कोंबडीला दिला जातो. वास्तविक बिघाड पुष्कळदा ती बसण्यापूर्वीच झालेला असतो.

फळलेल्या अंड्यातील गर्भ सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या खाली निद्रिस्त असतो. कोंबडीखाली त्याला सुमारे ३८ अंश ऊब मिळते व २१ दिवसांत पिल्लू तयार होते. यवतमाळास मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो. टिनाच्या छपराखालील शिंक्यात ठेवलेल्या अंड्यातील गर्भ अशा वेळी कोंबडीवाचूनच वाढू लागतो, आणि अवेळी व अनियमित वाढून मरतो.

यास्तव अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ओल्या वाळूत मातीचे गाडगे अर्धे पुरून, त्यात अंडी रुंद टोक वर करून ठेवावीत व तोंडावर ओले फडके घालावे. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुने अंडे बसवू नये. हिवाळ्यात आठवडा चालतो. अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक लेप जातो व सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात.

टोपलीत राख व तीवर वाळलेले गवत पसरावे. राखेने उवांचा उपद्रव कमी होतो. कपाशीच्या फवारणीच्या औषधांची खोकी मात्र यासाठी कदापि वापरू नयेत. दहा-बारा अंडी एकाच संध्याकाळी ठेवावीत. अधिक घातल्यास कडेची थंड पडतात.

सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे टॉर्च धरावा. तांबड्या शिरांचे जाळे दिसल्यास गर्भ जिवंत समजावा. नुसते लाल कडे म्हणजे मेलेला गर्भ. अशी अंडी पुष्कळ निघाली तर साठवण तपासावी. बहुतेक अंडी स्वच्छच दिसली, तर कोंबडीऐवजी कोंबड्याकडे पाहावे! दहा कोंबड्यांमागे एक जोमदार नर हवा.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे पहिल्या दिवशी दाणा नसला तरी भागते. पाणी मात्र उथळ थाळीत, खडे टाकून ठेवावे. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीविरुद्ध लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात घालावा. ही लस दवाखान्यातून बर्फात ठेवूनच आणावी लागते.