सहा महिने आणि दहा दिवस

पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या थोडं अलीकडे, संत चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि बाकीच्या मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. ते साल १३३८. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि देवाच्या दारात ठेवल्या. दारातच, कारण चोखोबा महार होते. पुढची सहाशे वर्षं वारकरी या समाधीवर माथा टेकून आत जात राहिले. चोखोबांच्या जातीची माणसं मात्र तिथूनच कळसाला हात जोडून माघारी फिरत होती.

पंढरीच्या देवाचं वैशिष्ट्य असं, की त्याच्या पायांवर कुणीही थेट डोकं ठेवू शकतो. मोठमोठ्या देवस्थानांत गाभाऱ्याबाहेरूनच दर्शन घ्यावं लागतं. इथे माहूर-परभणीकडचा फाटक्या धोतरातला म्हाताराही विठोबाच्या पावलांवर कपाळ टेकतो. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात. पण याच वारीत जातवार दिंड्या होत्या आणि चुली वेगळ्या मांडल्या जात. इरावती कर्वे यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालताना हे पाहिलं आणि ‘वाटचाल’ या लेखात त्याबद्दलची अस्वस्थता लिहून ठेवली. समतेचा गजर आणि बंद दरवाजा अशी दोन्ही ओझी या संप्रदायाने शतकानुशतकं एकाच खांद्यावर वाहिली.

ते दार उघडायला १९४६ साली पांडुरंग सदाशिव साने उभे राहिले. ‘श्यामची आई’मुळे साने गुरुजी घराघरांत पोचलेले होते. ते अमळनेरच्या शाळेतले हळवे शिक्षक, अनेकदा तुरुंगात गेलेले आणि मनाने पुरते भाविक. स्वातंत्र्य उंबरठ्याशी आलं होतं. अशा वेळी विठोबाच्या दाराशी अडवली जाणारी माणसं देशात समानतेने कशी वावरणार, हा प्रश्न त्यांना बोचत होता. कार्तिकी एकादशीला उपोषणाला बसण्याचं त्यांनी जाहीर केलं. सहकाऱ्यांनी गळ घातली की आधी लोकांशी बोला, त्यांना विचार करायला वेळ द्या. गुरुजींनी सहा महिने थांबायचं मान्य केलं.

या लढ्याची आठवण निघाली की लोक उपोषणाबद्दल बोलतात. खरं मोल त्या सहा महिन्यांचं आहे. गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले. सेनापती बापट बरोबर होते आणि राष्ट्र सेवा दलाची कलापथकं गाणी-पोवाडे घेऊन गावोगाव जात होती. सभेत कायद्याची कलमं क्वचितच निघत. बोलणं चाले ते ज्ञानोबा-तुकोबांचं, एकनाथांचं, चोखोबांचं. ज्या संतांचे अभंग तुम्ही रोज म्हणता, त्यांचंच ऐका, एवढीच मागणी. तिच्यावर उत्तर देणं अवघड होतं, कारण मागणारा नास्तिक नव्हता, परका नव्हता आणि त्याच विठोबासमोर हात जोडणारा होता. या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळं आणि पाणवठे दलितांना खुले केले. पंढरपूरचा निकाल लागायच्या आधीच गावपातळीवर माणसं आपापला निर्णय घेत होती, ही या मोहिमेची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल.

पंढरपुरात मात्र वातावरण तापलेलं होतं. गुरुजींनी भीमेपलीकडे चालतं व्हावं, अशा घोषणा देत विरोधकांचे मोर्चे निघत. तनपुरे महाराजांच्या मठाने गुरुजींना जागा दिली, आणि १ मे १९४७ रोजी तिथे उपोषण सुरू झालं.

सर्वांत जड घाव घरातूनच आला. गांधीजींना हे उपोषण पसंत नव्हतं. ते सोडावं असं त्यांनी कळवलं. ज्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानलं, त्यांचाच नकार. गुरुजींनी नम्रपणे, पण ठामपणे उपोषण चालू ठेवलं. प्रश्न आपल्या आणि विठोबाच्या मधला आहे, अशी त्यांची धारणा होती. श्रद्धेतून लढणाऱ्याचं बळ इथे दिसतं. धोकाही इथेच असतो, कारण अंतरीच्या आवाजापुढे बाहेरच्या कुणाचाच शब्द चालत नाही. गुरुजींच्या बाबतीत तो धोका त्यांच्या स्वतःच्या जिवापुरता राहिला. त्यांनी कुणावर हात उगारला नाही आणि विरोधकांबद्दल कडवटपणा धरला नाही.

अखेर केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर पंढरपुरात आले. त्यांच्या मध्यस्थीने मंदिराच्या पुजाऱ्यांशी, म्हणजे बडव्यांशी, बोलणी झाली, बडव्यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा झाला आणि विठ्ठलाचं दार उघडलं.

सगळ्यांनी ते मनापासून स्वीकारलं असं नाही. दार उघडण्याआधी काही मंडळींनी मंत्रोच्चारांनी देवाचं तेज पाण्याच्या घागरीत काढून घेतलं आणि ती घागर घरी नेली, असं सांगितलं जातं. काही सनातनी वारकऱ्यांनी आत जाणंच सोडलं. ते बाहेरून कळसाचं दर्शन घेऊन परतू लागले. ज्यांना आजवर कळसावर समाधान मानावं लागत होतं, ते आता पायांपर्यंत पोचले होते.

आणखी एक बाजू विसरता येत नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला. तो काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३३ साली त्यांनी स्पष्टच लिहिलं की देवळं उघडायची की नाही हे हिंदूंनी ठरवावं, अस्पृश्य त्यासाठी याचना करणार नाहीत. १९३५ साली येवल्यात त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. गुरुजी पंढरपुरात बसले तेव्हा चोखोबांच्या समाजातला मोठा वर्ग शिक्षण, प्रतिनिधित्व आणि हक्कांच्या लढाईत कितीतरी पुढे निघून गेला होता. म्हणूनच गुरुजींचं उपोषण हे मुख्यतः सवर्ण भाविकांनी आपल्याच माणसांशी केलेलं भांडण होतं. ते दलितांवर केलेला उपकार म्हणून सांगणं अन्यायाचं ठरेल. आपल्या दाराची कडी आपणच काढायची असते, आणि बाबासाहेबांनीही ती जबाबदारी हिंदूंवरच टाकली होती.

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. पंढरपूरचा प्रश्न त्यांच्यानंतरही पुढे सरकत राहिला. १९७३ साली राज्य सरकारने पंढरपूर मंदिरांचा कायदा केला. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांवरचा न्यायालयीन वाद त्यानंतर चार दशकं रेंगाळला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला आणि हे हक्क संपले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले तेव्हा जातीची अट नव्हती आणि स्त्रियांनाही अर्ज करता येत होता.