फ्रीझरमध्ये ठेवलं म्हणजे जंतू मेले? नाही, बरेचसे फक्त थांबतात!

रविवारी जास्तीची कोळंबी आणायची, अर्धी फ्रीझरमध्ये टाकायची आणि महिनाभर निर्धास्त व्हायचं, हा अनेक घरांतला शिरस्ता. कोळंबी सडत नाही, हे खरं. पण तिच्यावरचे सगळे जीवाणू मेलेले नसतात.

बर्फात नेमकं काय होतं?

घरच्या फ्रीझरचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असावं लागतं. एवढ्या थंडीत जीवाणूंची वाढ थांबते, कारण त्यांना वापरता येईल असं द्रव पाणी जवळपास उरत नाही. बर्फ आधी पेशीच्या बाहेर धरतो. बाहेर उरलेलं थोडं पाणी क्षारांनी दाट होतं आणि पेशीच्या आतलं पाणी ओढून घेतं. पेशी आक्रसते, काहींचं आवरण फाटतं. यात बरेच जीवाणू मरतात, पण सगळे नाही. दूध, साखर, प्रथिनं त्यांना उलट संरक्षणच देतात. प्रयोगशाळांत तर जीवाणू जपण्यासाठीच ग्लिसरॉलमध्ये मिसळून उणे ८० अंशांवर ठेवतात आणि काही वर्षांनी पुन्हा वाढवतात.

आइस्क्रीममधून मृत्यू

अमेरिकेत २०१५ मध्ये ‘ब्लू बेल’ कंपनीच्या आइस्क्रीममध्ये लिस्टेरिया जीवाणू सापडला. त्याच्याशी जोडलेल्या १० रुग्णांपैकी तिघांचा मृत्यू झाला. तिघंही कॅन्सस राज्यातले. तिथल्या रुग्णांना वेगळ्याच आजारांसाठी रुग्णालयात ठेवलं होतं आणि तिथे त्यांना या आइस्क्रीमचा मिल्कशेक दिला गेला होता. लिस्टेरिया फ्रीझरमध्ये तग धरतो आणि फ्रिजच्या ४ अंशांवर चक्क वाढतो. गर्भवती आणि वृद्धांना त्याचा धोका सर्वाधिक.

मग चूक कुठे होते?

ओट्यावर. गोठलेलं मटण रात्रभर बाहेर ठेवलं की आत बर्फ असतानाच वरचा थर खोलीच्या तापमानाला येतो आणि थांबलेले जीवाणू तिथे पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे मटण, मासे आदल्या दिवशीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात काढून ठेवा. सुटलेलं पाणी कोशिंबिरीवर ठिबकायला नको. जीवाणू मारायचं काम गॅसचं. आतपर्यंत नीट शिजवणं याला पर्याय नाही.

वीज गेली तर?

गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडल्यास साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. (दर तासाला उघडून बघणाऱ्यांनी हा हिशोब विसरावा.) पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील तर तो पुन्हा गोठवता येतो, चव थोडी उतरते, इतकंच.

गावी जाण्यापूर्वी फ्रीझरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ती कोळंबी टाकून द्या.